तोंडाचा व्यायाम

कुझ्माने जे केलं ते येर्काच्या मते माणसाने दारात आलेल्या भटक्या मांजराशीसुद्धा करू नये. ज्याच्या लग्नात तो कुम म्हणजे साक्षीदार म्हणून वेदीपाशी उभा राहिला, ज्याच्या दोन्ही मुलींना त्याने बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, ज्याच्यासमोर बसून चाळीसेक वर्षं पत्ते कुटले, त्या बार्तुलला, येर्काच्या नवऱ्याला, त्याने बंदरावरच्या गुत्त्यात चारचौघांत सांगितलं, "कुम, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझं तोंड आता वाचता येत नाही." आणि बार्तुलच्या खुर्चीवर बसवलं कुणाला, तर झ्देस्लावला! हा झ्देस्लाव म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरून निवृत्त होऊन आलेला कस्टमवाला. बेटावर अजून नीट रुळला नव्हता, मासा ऑलिव्हच्या तेलाऐवजी लोण्यात तळायचा. असल्या माणसाला भिडू म्हणून घ्यायचं, हा येर्काला एकट्या बार्तुलचा नव्हे, सगळ्या घराचा अपमान वाटला.

बेटावर सख्ख्या भावाशी जन्मभर अबोला धरलेला चालतो, कुणी विचारत नाही. कुमाचं तसं नसतं. कुम हा माणसाने स्वतः निवडलेला नातेवाईक. त्याने पाठ फिरवली तर देवाकडेसुद्धा तक्रार नेता येत नाही. देव म्हणणार, तूच आणलास.

त्या संध्याकाळी बार्तुल घरी आला, टोपी भलत्याच खिळ्याला अडकवली आणि चुलीपाशी बसून राहिला. काहीतरी बिनसलंय हे येर्काला टोपीवरून कळलं. तोंडावरून कळायची सोय राहिली नव्हती. पार्किन्सन घरात शिरला तेव्हा आधी बार्तुलचा उजवा हात थरथरायला लागला. तोही मोठा लबाड हात, जाळं विणायला घेतलं की गप्प, मांडीवर रिकामा ठेवला की चालू. मग पाय उंबऱ्यापाशी चिकटू लागले. मग आवाज खोल गेला. आणि शेवटी चेहऱ्यावर कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखं झालं. आत माणूस हसत असे, चिडत असे, लाजतही असे; बाहेर सगळं सपाट.

आता हे कुठल्या दुसऱ्या खेळात चाललं असतं. पण बेटावर खेळतात ब्रिश्कुला. चौघांचा खेळ, समोरासमोर दोन-दोन भिडू, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मात्र भिडूला तोंडाने खुणा करायला पूर्ण मुभा. विरोधकांची नजर तेवढी चुकवायची. हुकमाचा एक्का हातात असला तर ओठ घट्ट मिटायचे. तिर्री असली तर तोंड एका बाजूला वाकडं करायचं, आणि या खेळात तिर्रीचा मान एक्क्याच्या खालोखाल, राजाबिजा तिच्यापुढे काही नाही. राजा असला तर डोळे आभाळाकडे. घोडा असला तर खांदा उडवायचा. गुलाम असला तर जिभेचं टोक दाखवायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. अशा खेळात सपाट तोंडाचा भिडू म्हणजे रॉकेल संपलेला दीपस्तंभ.

"म्हणजे सेंट रोकच्या सणाला तू खेळणार नाहीस?" येर्काने विचारलं.

"नाही."

"आणि तो लोण्यात तळणारा खेळणार?"

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मी चिडलो होतो," बार्तुल हळू आवाजात म्हणाला. "पण त्यांना दिसलं नाही."

येर्काने हातातला डाव असा काही आपटला की पातेल्यातला पालक चुलीवर उडाला.

मारिएला नावाची पोरगी दर आठवड्याला बोटीने यायची आणि बार्तुलकडून व्यायाम करून घ्यायची. हातपायांचे व्यायाम तो मुकाट्याने करी: लांब लांब पावलं, हात जोरात मागे-पुढे, उंबऱ्यापाशी थांबून 'एक-दोन' म्हणत पाय उचलायचा. येर्का झाकणावर पळीने ताल धरी. चुकारपणा केला तर तेच झाकण ती त्याच्या कानाशी वाजवी. पण चेहऱ्याच्या व्यायामाची वेळ आली की बार्तुल खडकाला चिकटलेल्या शिंपल्यासारखा बसे.

"काका, डोळे छताकडे," मारिएला म्हणाली.

"का? गळतंय का कुठे?"

"गळत नाही. चेहरा मोकळा व्हायला हवा. आरसा घ्या समोर."

"आरशासमोर बसून वेडीवाकडी तोंडं करायला मी सर्कशीत कामाला लागलोय का? शिवाय तोंडाचा व्यायाम येर्का करते. पहाटेपासून. घरात एकाने केला की पुरे."

"बघ गं बाई," येर्का म्हणाली, "मला बोलायचं असलं की याचं तोंड कसं तेल घातल्यासारखं चालतं!"

मारिएला बिचारी हसली आणि स्वतःच करून दाखवू लागली. डोळे वर. मग तोंड उजवीकडे ओढलं. मग ओठ घट्ट आवळले. मग मान मोकळी करायला खांदा वर आणि खाली. शेवटी जिभेचं टोक बाहेर. येर्का मोरीशी बसून सार्डिन साफ करत होती. तिचा सुरा थांबला.

"थांब. परत कर."

मारिएलाने परत केलं.

"बार्तुल, पाहिलंस का? राजा! तिर्री! एक्का! घोडा! गुलाम! अख्खा पत्त्यांचा जोड आहे पोरीच्या तोंडात. तुला गं ब्रिश्कुला कुणी शिकवली?"

"मला पत्ते येतच नाहीत, मावशी. हे आम्हाला रुग्णालयात शिकवतात."

"रुग्णालयात!" येर्काला आनंदाचं भरतं आलं. तिने शाळा दोनच वर्षं पाहिली होती, पुढे सार्डिन खारवायच्या कारखान्यात गेली. त्यामुळे शिकलेल्या लोकांना आपल्या गावच्या गुत्त्याइतकंच कळतं हे समजलं की तिला फार बरं वाटत असे.

 थोड्या वेळाने बार्तुलचे डोळे सावकाश, जहाजाच्या दोराने ओढल्यासारखे, छताकडे गेले.

त्या दिवसापासून घरात काही दुसरं उरलं नाही. आरसा त्याला नको होता, म्हणून येर्का समोर बसे आणि दोघं एकमेकांना तोंडं वेंगाडून दाखवत. "हा राजा नव्हे, बार्तुल, हा पेन्शनीतला राजा. अजून वर!" "तिर्री लाजतेय का? वाकडी कर की चांगली, माझ्या आईला बघून करायचास तशी!" "गुलाम आत घे आता, माशी बसेल." बार्तुलचं तोंड सुरुवातीला सुताएवढं हललं, मग बोटाएवढं. आणि येर्काने हुकूम सोडला: जिथे रिकामा बसशील तिथे करायचा. राजा धरला की गुलाम पडेपर्यंत थांबायचं नाही, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

"चर्चमध्येसुद्धा?"

"देवाने तुझी सगळी तोंडं पाहिलेली आहेत."

देवाने पाहिली होती, पण डोन स्तिपेंनी नव्हती. डोन स्तिपे गावचे पाद्री, आणि सणाच्या दिवशीच्या सामन्यांचे पंचही तेच. पत्त्यांवर त्यांचा जीव. रविवारी ते व्यासपीठावरून रंगात येऊन सांगत होते की प्रभू शिष्यांकडे वळला, आणि नेमकी त्यांची नजर पुढच्या बाकावर गेली. तिथे बार्तुल डोळे वर करून, तोंड वाकडं करून, ओठ आवळत होता. डोन स्तिपे अडखळले. बार्तुलने खांदा उडवला आणि जीभ दाखवली. "...शिष्यांकडे वळला," डोन स्तिपे म्हणाले, "आणि त्यांना विचारलं, उतारी कुणाची?" मागच्या बायकांनी भक्तिभावाने क्रूस केला. त्यांना वाटलं बायबल नव्याने छापून आलंय.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. पण सणाच्या आदल्या आठवड्यात गुत्त्यात मोठा डाव बसला. एका बाजूला कुझ्मा आणि तो कस्टमवाला, दुसऱ्या बाजूला नादालिन पाववाला आणि त्याचा मेहुणा. बार्तुलला कुणी बोलावलं नव्हतं. पण पत्त्यांचा आवाज घरापर्यंत येतो, आणि माणूस किती वेळ जाळं विणणार? तो उठला, पावलं मोजत गेला, आणि भिंतीकडेच्या बाकावर बसला. बाक नेमका कुझ्माच्या पाठीमागे. तिथून कुझ्माच्या हातातले पत्ते अगदी स्वच्छ दिसत. आणि कुझ्माच्या डाव्या हाताला बसलेल्या नादालिनला बार्तुलचं तोंड स्वच्छ दिसे.

बार्तुल रिकामा बसला होता. रिकामं बसल्यावर काय करायचं ते घरून ठरवून दिलेलं होतं.

नादालिनने सहज वर पाहिलं, तर बार्तुल जीभ दाखवतोय.  'अरे वा!' नादालिनने मनात म्हटलं. 'खुर्चीवरून उठवल्याचा सूड घेतोय गडी! कुझ्माकडे नुसता गुलाम आहे म्हणून सांगतोय.' त्याने मोठ्या दिमाखाने हुकमाची तिर्री टेबलावर आपटली. कुझ्माने शांतपणे तिच्यावर हुकमाचा एक्का ठेवला.

नादालिनने घाम पुसला आणि नवा डाव वाटून झाल्यावर पुन्हा बाकाकडे पाहिलं. बार्तुलचे ओठ घट्ट आवळलेले. म्हणजे आता एक्का! नादालिनने श्वास रोखला, भारी पत्ते पोटाशी धरून ठेवले, आणि कुझ्मा एका फाटक्या गुलामावर अख्खा हात उचलून घेऊन गेला. असं शेवटपर्यंत चाललं. बार्तुल घोडा दाखवी तेव्हा राजा निघे, राजा दाखवी तेव्हा काहीच निघत नसे. नादालिन आणि मेहुणा असे हरले की गुत्त्यातल्या लोकांनी त्यांच्याकडे बघायचं सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली.

आणि गंमत अशी की नादालिनला तक्रारही करता येईना. काय म्हणणार? मी परक्याच्या खुणा चोरून बघत होतो, आणि त्या खोट्या निघाल्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी येर्का पाव आणायला गेली तर नादालिनने तिच्या टोपलीत कालचा पाव टाकला.

"हा कालचा आहे."

"आज हाच आहे."

"मागे वाफाळतोय तो कुणाचा?"

"तो इमानदार माणसांचा."

येर्काने टोपली खाली ठेवली. रांगेतल्या बायकांनी संभाषण थांबवून जागा करून दिली.

"माझ्या घरात बेइमान कोण ते सांग बघू."

"नवऱ्याला विचार! दाखवली जीभ आणि निघाला एक्का!"

"कुणाकडे निघाला?"

"कुझ्माकडे."

"मग माझ्या नवऱ्याच्या जिभेचं आणि कुझ्माच्या एक्क्याचं काय नातं?"

"तो मागे बसला होता! त्याला पत्ते दिसत होते!"

"बरं. आणि तुझ्या हातात तुझे पत्ते होते ना? मग तुझे डोळे माझ्या नवऱ्याच्या जिभेवर काय करत होते?"

नादालिनचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मारिएलाने पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. येर्का ताजा पाव घेऊन निघाली, आणि वर एक जास्तीचाही. वळणावर गेल्यावर सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला आणि ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

घरी येऊन बघते तर स्वयंपाकघरात कुझ्मा. हातात गोड वाइनची बाटली, आणि तो बार्तुलचा हात धरून जवळजवळ रडतोय.

"कुम! मी तुला खुर्चीवरून उठवलं, आणि तू? माझ्या पाठीमागे बसून त्या पाववाल्याला खोट्या खुणा करून करून झोपवलंस! रक्ताचा भाऊ करणार नाही असं केलंस!"

"मी व्यायाम करत होतो," बार्तुल म्हणाला.

"व्यायाम!" कुझ्माने डोळा मारला. "बरोबर. कुणी विचारलं तर असंच सांग. सणाच्या दिवशीपण असाच व्यायाम कर, माझ्या मागे बसून. बाक मी स्वतः चौकात आणून ठेवतो. वर उशी घालतो."

"आणि खुर्ची?" येर्काने दारातून विचारलं.

कुझ्मा दचकला. "खुर्चीवर झ्देस्लाव आहे ना, येर्का. आता त्याला कसं उठवू? बरं दिसेल का?"

"बार्तुलला उठवलंस तेव्हा बरं दिसलं."

कुझ्मा बाटलीचं बूच फार मन लावून काढू लागला, आणि ते निघताच काहीतरी काम आठवून निघून गेला.

येर्काला वाटलं बार्तुलही आता चार शिव्या देईल. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बसेन मी बाकावर. टेबलाजवळ तरी असेन."

येर्काने बाटली उचलून फडताळात कोंडली. बाहेर राहिली असती तर ती भिंतीवर फुटली असती, आणि भिंतीचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी मागच्या दाराने नादालिन आला. कागदात गुंडाळलेला हातभर मासा. "येर्का, सकाळचं मनावर घेऊ नकोस. सणाच्या दिवशी बार्तुलने माझ्या बाजूने... म्हणजे या वेळी खरं खरं..."

"मासा ठेव," येर्का म्हणाली.

"म्हणजे जमलं?"

"मासा जमला."

सेंट रोकच्या दिवशी चौकातल्या तुतीच्या झाडाखाली टेबल मांडलं. एका अंगाला सळईला लावलेलं कोकरू निखाऱ्यांवर फिरत होतं. ते खायचं अख्ख्या गावाने, पण मुंडकं जिंकणाऱ्यांच्या ताटात, आणि माणसं त्या मुंडक्यासाठी वर्षभर जीव टाकतात. बँडवाले उन्हात टोप्यांनी वारा घेत बसले होते. कुझ्माने बोलल्याप्रमाणे उशी घातलेला बाक आपल्या मागे आणून ठेवला. नादालिनने तो उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. कुझ्माने परत आणला.

"बाक इथेच राहील!"

"का? तुझ्या मागेच का? म्हातारा उन्हात बसतोय, दिसत नाही?"

"तुला त्याच्या उन्हाची केव्हापासून काळजी?"

डोन स्तिपे धावत आले. त्यांना रविवारपासून संशय होताच. "बार्तुलला टेबलापासून लांब बसवा," त्यांनी निकाल दिला. "समुद्राकडे तोंड करून."

"माझ्या नवऱ्याला समुद्राकडे तोंड करून?" येर्का गर्दीतून पुढे आली. बेटावर ती पुढे येते तेव्हा बाकीचे आपोआप मागे जातात. "ऐका, फादर, आणि सगळेच ऐका. याला पार्किन्सन आहे. याचं तोंड आखडलंय. ते सैल व्हायला व्यायाम सांगितलाय, आणि तो हा करतो. चर्चमध्ये करतो, गुत्त्यात करतो, झोपेतसुद्धा करत असेल. हा कुणाचा पत्ता कुणाला सांगत नाही. तुमच्या मनात चोर आहे म्हणून तुम्हाला याच्या तोंडावर एक्के दिसतात."

 नादालिनने बूट बघितले. कुझ्माचं तोंड पडलं. आपल्यासाठी कुणी काहीच केलं नव्हतं हे त्याला तिथे, भर गर्दीत, समजलं.

"बरं, व्यायाम," डोन स्तिपे म्हणाले. "पण मग बसवायचं कुठे? कुठेही बसला तरी कुणाचे ना कुणाचे पत्ते याला दिसणार, आणि याचं तोंड कुणाला ना कुणाला."

"एक जागा आहे जिथून माणसाला फक्त स्वतःचे पत्ते दिसतात," येर्का म्हणाली, आणि झ्देस्लावच्या खुर्चीकडे बोट केलं.

डोन स्तिपेंनी दाढी खाजवली. पंच म्हणून त्यांना यात खोट सापडेना. झ्देस्लाव भला माणूस, तो आधीच उठून उभा राहिला होता. कुझ्मानेही वारा ओळखला. "अर्थात! माझा कुम माझ्यासमोर! मी तर कधीचं म्हणतोय!"

बार्तुल निघाला आणि चौकाच्या फरशीच्या पहिल्याच रेघेशी त्याचे पाय चिकटले. पुढे जाईना, मागे येईना. सगळं गाव बघतंय. येर्काने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, "एक-दोन! एक-दोन!" बँडवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली. त्यांनी टोप्या घातल्या आणि मिरवणुकीची चाल पूर्ण जोरात सुरू केली. त्याबरोबर बार्तुलचा पाय सुटला, आणि ढोल, तुताऱ्या, झांजांच्या गजरात तो लांब लांब टांगा टाकत, हात झुलवत, एखाद्या सेनापतीसारखा चालत गेला आणि आपल्या खुर्चीत बसला. काही लोकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

खेळ चांगला झाला. फार चांगला झाला. येर्का झाडाला टेकून उभी होती आणि तिला इतक्या लांबूनही दिसत होतं: बार्तुल व्यायाम करत नव्हता. खेळत होता. घोडा असला तर खांदा हलत होता, नसला तर हलत नव्हता. गुण बरोबरीत आले, गड्डी संपत आली, आणि उतारी कुझ्माची होती. त्याच्या हातात तलवारीच्या रंगाची तिर्री होती. गुणांनी भरलेला पत्ता, पण हुकमाचा नव्हे. आता बाहेर काढावा तर भिडूने उचलला पाहिजे, नाहीतर विरोधक गिळणार. कुझ्माने समोर पाहिलं.

बार्तुलने ओठ घट्ट आवळले. हुकमाचा एक्का. इतका स्पष्ट एक्का त्या चौकात कित्येक वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

कुझ्मा बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. त्याने एकदा येर्काकडे पाहिलं, एकदा बार्तुलकडे. बार्तुलने पुन्हा ओठ आवळले, गालाला खळ्या पडेपर्यंत. कुझ्माने मान हलवली, तिर्री पोटाशी धरली आणि एक चिल्लर पत्ता टाकला. बाकीच्यांनीही चिल्लरच टाकली. पुढच्या हाताला मेहुण्याने अशी उतारी केली की बार्तुलला हुकमाचा एक्का कचऱ्यावर टाकावा लागला. आणि त्याच्या पुढच्या हाताला कुझ्माची तिर्री एकटी, उघडी, बाहेर आली. नादालिनने ती हुकमाच्या गुलामाने मारली. डाव संपला. कोकराचं मुंडकं पाववाल्याच्या घरी गेलं.

"तुझ्याकडे एक्का होता?" कुझ्मा किंचाळला.

"दाखवला की तुला. दोनदा."

"मला वाटलं व्यायाम करतोयस!"

"एक्का दाखवत होतो."

"मग मला कसं कळणार? तुझ्या बायकोने आत्ताच गावाला ओरडून सांगितलं व्यायाम म्हणून! चूक तुझ्या तोंडाची आहे, बार्तुल! आधी ते हलत नव्हतं आणि आता काय वाट्टेल ते करतंय!"

बार्तुलच्या तोंडाला काहीतरी होऊ लागलं. आधी एक कोपरा हलला, मग दुसरा. मग गाल वर गेले, डोळे बारीक झाले, आणि सगळं तोंड, कुणी न सांगता, एकदम फुटलं. तो हसत होता. खदाखदा, खांदे उडवत, जीभ दिसेपर्यंत. कुझ्मा नुसता बघत राहिला. यातली कुठलीच खूण त्याला ओळखता येईना.

येर्का एप्रनला हात पुसत टेबलाशी आली. गावाला सगळं ओरडून सांगितलं कुणी हा मुद्दा खरा होता, पण तो तिला महत्त्वाचा वाटला नाही.

"कुझ्मा," ती म्हणाली, "माझा नवरा बाकावर बसून व्यायाम करत होता तेव्हा तुला त्यात मैत्री दिसली, आणि समोर बसून खरं सांगत होता तेव्हा तुला व्यायाम दिसला. आजार याच्या तोंडाचा आहे. तुझ्या डोळ्यांना काय झालंय ते कुठल्या डॉक्टरला सांगता येणार नाही. तू वाईट माणूस नाहीस, भिडू म्हणून मात्र कवडीच्याही लायकीचा नाहीस. ऊठ. तुझ्यासाठी बाक तूच आणलायस, वर उशी घालून."